अर्बाबांच्या बागेतले पाहुणे

वाइन कुठे मिळते, हा प्रश्न मला आजवर जितक्या जणांनी विचारला, तितक्यांनी माझे नावही विचारलेले नाही. विचारणाऱ्यांना दोष देता येत नाही. शारजाहून फुजैऱ्याकडे जाताना वाळू संपते आणि डोंगर सुरू होतात. गवताची काडीही नसलेले, भाजलेल्या विटेच्या रंगाचे. मुख्य रस्ता सोडून चढाच्या वाटेने बरेच वर गेले की दोन कड्यांच्या बेचक्यात दगडी बांध घालून केलेल्या जमिनीच्या पायऱ्या दिसतात, आणि त्या पायऱ्यांवर एकदम द्राक्षांचे हिरवे मांडव. असे दृश्य माणसाने परदेशी सहलींच्या जाहिरातींतच पाहिलेले असते. त्याच्या मनात काचेचे पेले किणकिणू लागले, तर ते स्वाभाविक आहे.

मी या बागेत पाहुण्यांना हिंडवून माहिती सांगण्याचे काम करते. हंगामात, म्हणजे मे-जूनमध्ये, शनिवार-रविवारी पहाटे यजमान मला शारजाहून गाडीने आणून सोडतात आणि ऊन चढले की परत नेतात. बाकीच्या वर्षात अधूनमधून. पन्नाशी उलटल्यावर मिळालेली ही माझी पहिली खरीखुरी नोकरी. लग्नाआधी मी वनस्पतिशास्त्रात एम.एस्सी. केले होते आणि एका महाविद्यालयात शिकवायला लागते न लागते तोच इकडे आले. त्यानंतर मुले, त्यांच्या शाळा, शारजाचा तो फ्लॅट. चारचौघांत बोलायचे म्हटले की माझ्या तळहातांना घाम सुटतो, तो आजही सुटतो. यजमानांच्या कंपनीने या बागेत पाण्याचे पंप बसवले होते. बागेच्या मालकांना हिंदी-इंग्रजीत माहिती सांगणारे कोणीतरी हवे होते. माझे नाव यजमानांनी मला न विचारता सांगून टाकले आणि घरी आल्यावर, पंपाविषयी बोलावे तशा स्वरात, ती बातमी दिली.

बागेचे मालक सत्तरीचे अमिराती गृहस्थ. कामगार त्यांना अर्बाब म्हणतात, म्हणजे मालक. मीही तेच म्हणते. तरुणपणी दुबईच्या बाजारात भारतीय व्यापाऱ्यांबरोबर वावरल्यामुळे त्यांची हिंदी धडधाकट आहे, लिंग-वचनाची फिकीर न करणारी. त्यांनी पहिल्याच दिवशी मला मुअल्लिमा म्हणायला सुरुवात केली. मुअल्लिमा म्हणजे शाळेतल्या बाई. शिकवण्याची माझी हौस तीस वर्षे कुलूपबंद होती; त्या एका हाकेने मी किती विरघळले, हे सांगायलाही संकोच वाटतो.

वाळवंटात द्राक्ष येते कसे, हे थोडक्यात सांगते. द्राक्षवेलीला झोप लागते. थंडीत ती पाने टाकून निजते आणि जागी झाली की नव्या काडीवर घड धरते. खाली दुबई-शारजात तिला धड झोपच मिळत नाही. वर डोंगरात हिवाळ्याच्या रात्री बऱ्यापैकी गार असतात, म्हणून इथे जमते. पाणी येते ते फलजमधून. डोंगराच्या पोटातले झिरपे गोळा करून आणणारा हा जुना दगडी पाट आहे. तो अर्बाबांच्या आजोबांच्याही आधीचा. आता त्याच्या तोंडाशी टाकी बांधून ठिबक केले आहे. छाटणी जानेवारीत, फूट फेब्रुवारीत. घड धरले की निम्मे मणी कात्रीने काढून टाकायचे, म्हणजे उरलेले फुगतात. पश्चिमेच्या अंगाची पाने मात्र राखायची, नाहीतर दुपारच्या उन्हाचा चटका बसून वेलीवरच मनुके होतात.

हे सगळे प्रत्यक्षात करतो तानाजी. तो तासगावकडचा. तिकडे वेलीची वर्षातून दोनदा छाटणी करतात, एप्रिलमध्ये आणि ऑक्टोबरमध्ये, कारण तिकडची वेल झोपतच नाही. इथे एकदाच छाटायची, हे तानाजीला डोक्याने कळते, हाताने कळत नाही. दसरा झाला की तो कात्री घेऊन मांडवाखालून उगाच फेऱ्या मारतो.

"अरे, अजून तीन महिने आहेत," मी म्हणते.

"माहीत आहे हो बाई. नुसतं दाखवतोय तिला कात्री. विसरायला नको आम्ही कोण ते."

पाहुण्यांचे नमुने पुष्कळ. एका बाईंनी मुलीच्या वाढदिवसासाठी मोठे प्लास्टिकचे टब आणले होते; मुलींना त्यात उभे करून पायांनी द्राक्षे तुडवतानाचे फोटो काढायचे होते. द्राक्षांचे पैसे देऊ, म्हणाल्या. अर्बाबांनी विचारले, "पैर से? खाना को?" एका गृहस्थांनी मांडवाखाली दहा मिनिटे माझे बोलणे ऐकून शेवटी विचारले, की हे सगळे खरे आहे की नकली आणून लावलेले आहे. इकडे वाढलेली आपली मुले मराठीत विचारले तर इंग्रजीत उत्तर देतात. "बाळा, द्राक्ष तोडून बघतोस का?" "नो थँक्स, आय डोन्ट डू सीड्स." बिया नसलेल्या जातीची ती वेल होती. मी तसे सांगितले नाही.

अर्बाबांचा मोठा मुलगा खालिद दुबईत एका कार्यालयात मोठ्या हुद्द्यावर आहे. टबांच्या दिवशी तो तिथे होता. त्याने मला बाजूला घेऊन अतिशय सभ्यपणे सांगितले, "आंटी, धिस इज अ फार्म, नॉट अ पार्क." पुढच्या हंगामापासून फाटक बंद ठेवावे, असे त्याचे मत होते, आणि ते तो वडिलांना दर आठवड्याला ऐकवत असे. अर्बाब प्रत्येक वेळी एकच बोलत, "मेहमान आता है तो घर ज़िंदा है." फाटक बंद झाले असते तर तानाजीचे काही अडणार नव्हते. अडणार होते ते माझे. आयुष्यात स्वतःची म्हणावी अशी एक जागा मला उशिरा मिळाली होती, आणि ती त्या म्हाताऱ्या गृहस्थांच्या शब्दावर उभी होती.

अर्बाबांनी पाहुण्यांवर एकच अट घातली होती. द्राक्षांची पेटी विकत नेणाऱ्या प्रत्येकाला ते स्वतः विचारत, "खाने के लिए?" समोरचा हो म्हणाला की पेटी त्याच्या हातात. काही लोक हसत. खाण्याखेरीज द्राक्षांचे काय करणार, म्हणत. हंगामाच्या शेवटी वेलीवर राहिलेली, सुरकुतलेली, अतिगोड द्राक्षे ते कोणालाच देत नसत. त्याच संध्याकाळी ती बकऱ्यांपुढे जात. एकदा मी कारण विचारले, तेव्हा म्हणाले, "मेरा पेड़ से जो निकला, उसका जवाब मेरे को भी देना है, मुअल्लिमा." मला त्यांच्या श्रद्धेविषयी वाद घालायचे कारण नव्हते. मुसलमान माणूस आपल्या द्राक्षांची दारू होऊ देणार नाही, हे उघड आहे. मला त्यातली विचारायची पद्धत आवडे. पिशव्या उघडून पाहणे नाही, पाटी नाही. माणसाच्या तोंडाकडे पाहून एक प्रश्न, आणि मिळालेल्या उत्तरावर विश्वास.

मिलिंद आणि शर्वरी आले ते हंगामाच्या अगदी शेवटच्या रविवारी. मिलिंद दुबईत अल कुसैसमध्ये वाढलेला, शर्वरी लग्नानंतर पुण्याहून आलेली. दोघे इंजिनिअर, हसतमुख, वागायला गोड. मी नेहमीप्रमाणे द्राक्षाच्या रसाचा थेंब काचेवर ठेवून साखर मोजायची छोटी दुर्बीण काढली, तसा मिलिंद म्हणाला, "काकू, ब्रिक्स किती येतो इथे?"

ब्रिक्स म्हणजे रसातल्या साखरेचे माप; हा शब्द आजवर कोणत्याही पाहुण्याने उच्चारला नव्हता. मला वाटले, माझ्या वर्गात अखेर एक विद्यार्थी येऊन बसला. साखर कशी मोजतात, आम्लता केव्हा उतरते, उशिरा राहिलेल्या घडांत साखर का वाढते, हे सगळे मी सांगितले. तो विचारत गेला, मी सांगत गेले. द्राक्षावर जो पांढुरका थर असतो ते मेण, आणि त्या मेणात रानटी यीस्ट, म्हणजे रस आंबवणारे जंतू, राहते, हेही मी सांगितले, फळ्यावर आकृती काढल्यासारखी हवेत बोटे फिरवत.

"म्हणजे मग धुवायची नाहीत ना?" मिलिंदने विचारले.

"धुतली तर यीस्ट निघून जाईल," मी म्हणाले.

शर्वरीने सुरकुतलेल्या घडांकडे बोट दाखवले. "ही दिली तरी चालतील आम्हाला. उलट जास्त गोड लागतात."

तानाजी म्हणाला, "ती बकऱ्यांची आहेत, ताई."

"बकऱ्यांना बाकीची द्या," मी म्हणाले. शिक्षिकेने हुशार मुलाला जास्तीचे पुस्तक द्यावे, तसे मी ते घड स्वतःच्या हाताने पेट्यांत ठेवले. अर्बाबांनी विचारले, "खाने के लिए?" मिलिंद म्हणाला, "जी, बिलकुल." अर्बाबांनी एकदा पेट्यांकडे पाहिले, एकदा माझ्याकडे पाहिले. मी हो म्हणून मान हलवली. मग त्यांनी पेट्या मिलिंदकडे सरकवल्या.

मला त्या वेळी काही कळले नाही, असे मी पुढे बरेच दिवस स्वतःला सांगत राहिले. ते खरे नाही. खाण्यासाठी द्राक्षे नेणारा माणूस ती न धुण्याची चौकशी करत नाही. हे मला त्याच दिवशी परतीच्या वाटेवर, शारजाच्या वेशीजवळच्या वाहनांच्या रांगेत बसलेली असताना कळले होते. यजमानांनी विचारलेही, "गप्प का?" मी म्हणाले, "ऊन लागलं."

पुढच्या हंगामाच्या सुरुवातीला दोघे पुन्हा आले. सकाळची वेळ होती. मांडवाशेजारच्या पडवीत चटया घातलेल्या असतात, तिथे अर्बाब कॉफीचे भांडे घेऊन बसले होते, खालिदही होता. तानाजी खोकी दुमडत होता. मिलिंदने पायातले बूट काढले, वाकून सलाम केला आणि सोनेरी कागदात गुंडाळलेली, रिबन बांधलेली एक लांबट वस्तू दोन्ही हातांनी अर्बाबांपुढे धरली.

"आपके लिए. आपके ही बाग का है."

अर्बाबांनी कागद सोडला. बाटलीवर बागेचा फोटो छापलेली चिठ्ठी चिकटवलेली होती. दगडी बांध, मांडव, मागचा कडा. फोटो छान आला होता.

मी या दोघांना दुष्ट समजत नाही. आपल्याकडे बागेतल्या आंब्यांचे लोणचे घातले की एक बरणी बागवाल्याकडे पाठवतात. त्याच मायेने त्यांनी ते आणले होते. ज्या घरात ते बसले होते त्या घराचा विचार मात्र त्यांच्या मनाला शिवला नव्हता. तो मनात आणून देण्याचे काम ज्या व्यक्तीचे होते, ती शेजारी उभी होती आणि तिला पगार मिळत होता.

अर्बाबांनी बाटली फिरवून पाहिली. चिठ्ठी इंग्रजीत होती. "ये क्या है, मुअल्लिमा?"

माझ्या मागून तानाजीने हळूच म्हटले, "बाई, सिरका म्हणा. व्हिनेगर."

मी म्हणाले, "सिरका है, अर्बाब."

मिलिंदला हिंदी येत होती. त्याला मनापासून हसू आले. "अहो काकू, व्हिनेगर कसलं? इतकंही वाईट नाही झालेलं. प्रॉपर वाइन आहे." मग अर्बाबांकडे वळून, मला श्रेय मिळावे म्हणून, तो हिंदीत म्हणाला, "सब मैडम ने सिखाया. धोना नहीं, वो भी इन्होंने ही बताया."

खालिदने हातातला पेला खाली ठेवला. माझे कान इतके तापले होते, की फलजच्या पाण्याचा आवाजसुद्धा मला लांबून आल्यासारखा वाटत होता.

अर्बाबांनी बाटलीवर तो सोनेरी कागद पुन्हा गुंडाळला. रिबन त्यांना नीट बांधता आली नाही, तरी त्यांनी ती गुंडाळली, आणि दोन्ही हातांनी बाटली मिलिंदला परत दिली. "ये आपका मेहनत है. आप रखो. हमारा घर में नहीं चलता." मग त्यांनी स्वतःच्या हाताने दोघांना कॉफी दिली, खजूर पुढे केले, मिलिंदच्या आई-वडिलांची चौकशी केली. मिलिंदचा चेहरा उतरत उतरत गेला. जाताना गाडीपाशी तो मला म्हणाला, "सॉरी काकू. आय थॉट ही'ड बी प्राउड." शर्वरी म्हणाली, "तुम्ही आम्हाला आधी सांगायला हवं होतं हो." ती रागाने म्हणाली नाही. खरे तेच म्हणाली.

ते गेल्यावर तानाजी म्हणाला, "खोटं बोलायचं तर दमात बोलायचं, बाई. तुमचं तोंडच सांगत होतं." नंतर त्यालाच वाईट वाटले असावे. "चुकलं माझं. मी बोलायलाच नको होतं."

खालिद वडिलांना अरबीत बरेच काही म्हणाला. मला शेवटचा शब्द तेवढा समजला, "खलास." अर्बाबांनी हात वर करून त्याला थांबवले आणि मला बोलावले. मी राजीनाम्याची वाक्ये मनात जुळवत गेले. इंग्रजीत, कारण अशी वाक्ये मला इंग्रजीतच येतात.

"बैठो, मुअल्लिमा. सिरका क्यों बोला?"

"शरम आया, अर्बाब." त्यांच्याशी बोलताना माझीही हिंदी त्यांच्यासारखी होते.

"किसका शरम? मेहमान का, या मेरा?"

पाहुण्यांची फजिती होऊ नये असे वाटले, हे खरे. अर्बाबांना दुःख होऊ नये असे वाटले, हेही खरे. पण त्या क्षणी माझ्या डोक्यात प्रत्यक्षात आले ते इतकेच होते, की आता हे सगळे माझ्याकडे पाहतील. यातले काही मी बोलले नाही.

थोड्या वेळाने ते म्हणाले, "आप उसको सिखाया, वो ठीक. मुअल्लिमा का काम सिखाना है. मगर मैं पूछा तो आप सर हिलाया." एवढेच. आवाज चढला नाही. बाटलीचे नावही त्यांनी पुन्हा काढले नाही. त्यांना सलत होती ती मागच्या हंगामातली माझी मान.

मग त्यांनी निर्णय सांगितला. फाटक बंद होणार नाही. पाहुणे येतील, मांडवाखाली बसतील, पोटभर द्राक्षे खातील, त्याचे पैसे नाहीत. बागेबाहेर मात्र एकही घड जाणार नाही. पेट्या बंद. पिशव्या कोणाच्या तपासायच्या नाहीत. पाहुण्याची झडती घेणे त्यांना मान्य नव्हते. फाटकापाशी मी उभे राहायचे आणि हे सांगायचे.

"मैं क्यों?" मी विचारले.

"आपका बात लोग मानता है," ते म्हणाले. त्यात टोमणा असता तर मला सोपे गेले असते. टोमणा नव्हता.

तेव्हापासून मी फाटकापाशी उभी राहते. माहिती सांगते, पण यीस्टविषयी बोलत नाही. साखर मोजण्याची ती दुर्बीण मी तानाजीकडे देऊन टाकली आहे. लोक बहुधा ऐकतात. काही कुरकुरतात, विशेषतः आपले. "काकू, आपल्या माणसांना तरी सोडा." "एवढं काय, सोनं आहे का?" एका गृहस्थांनी बागेची राखणदार म्हणून माझी ओळख करून दिली आणि सगळे हसले. मीही हसले. कारण कोणी विचारले तर मालकांचा नियम आहे, असे सांगते. तो नियम कोणामुळे झाला, हे सांगत नाही.

यंदाच्या हंगामात साताऱ्याकडून मुलाकडे राहायला आलेले एक वृद्ध गृहस्थ आले होते. मुलगा आणि सून पुढे गाडीकडे गेली. हे मागून आले, हातात एकच घड, पानासकट, बाळाला धरावे तसा धरलेला. मी त्यांना थांबवले आणि सांगायचे ते सांगितले. त्यांना आधी समजले नाही. मग म्हणाले, "नातीसाठी घेतलाय हो. ताप आलाय तिला, म्हणून घरी ठेवलीय शेजारणीपाशी. आजोबा द्राक्षाच्या बागेत जाणार म्हणून काल दिवसभर नाचत होती."

अर्बाब पडवीत होते. मी त्यांना विचारले असते, तर त्यांनी बहुधा नेऊ दिला असता. पण विचारायचे म्हणजे पुन्हा त्यांच्यासमोर जाऊन, हा माणूस खाण्यासाठीच नेतो आहे अशी माझी खात्री आहे, असे सांगायचे. माझ्या खात्रीला तिथे काय किंमत उरली आहे, ते मला ठाऊक होते.

"नाही नेता येणार," मी म्हणाले.

त्यांनी माझ्याकडे पाहिले. "असू दे, बाई. तुमची नोकरी आहे." घड परत ठेवायला ते फाटकाजवळच्या टेबलापर्यंत गेले, ठेवला, आणि पुन्हा उचलला. "मग तिच्या वाटचा मी इथेच खातो. कसा होता, ते तरी सांगता येईल."

ते बाकावर बसले. पोट भरलेले होते, हे दिसत होते. एक एक मणी तोडून, डोळे मिटून, ते सावकाश खात राहिले. गाडीतून मुलाने दोनदा हाक मारली, त्यांनी हात हलवला. घड संपेपर्यंत मला तिथून हलता आले नाही, आणि त्यांच्याकडे पाहताही आले नाही.